टोपण आपल्याकडे ठेवावं

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी आली की घाट चढवायला तिला मागून जादा इंजिनं लावतात. तेवढा वेळ गाडी उभी असते आणि प्रवासी खिडकीतून हात बाहेर काढून वडे मागवतात. मी नदीपलीकडच्या दहिवलीला मास्तर म्हणून राहत होतो त्या वर्षांत या गर्दीत आखूड धोतर, वर रेल्वेचा जुना काळा कोट आणि हातात शाईची बाटली अशा थाटाचे एक गृहस्थ दिसत. खिडकीखिडकीशी जाऊन ते विचारत, "पेन आहे का खिशात? भरलेलं आहे की अर्धवट?"

लोकांना वडा हवा असे आणि हे शाई पुढे करत. काहींना वाटे रेल्वेने ही नवी सोय काढली आहे. बहुतेकांना वाटे म्हातारा कामातून गेला आहे. ते कुणाचंच मनावर घेत नसत. "अर्धं पेन घाटात ओकतं," ते खिडकीत डोकं घालून सांगत, "वर चढलं की आतली हवा फुगते. पूर्ण भरा, नाहीतर पूर्ण रिकामं करा. मधलं ठेवू नका." एकदा रेशमी सदरा घातलेला एक तरुण मुलगी बघायला पुण्याला निघाला होता. तो या उपदेशाला मोठ्याने हसला. संध्याकाळी परतीच्या गाडीला हे मुद्दाम स्टेशनावर गेले, मलाही बरोबर नेलं, आणि डबे शोधत शोधत त्याला गाठलं. त्याच्या छातीवर पापडाएवढा निळा डाग होता. "पसंती झाली का हो?" यांनी अगदी आपुलकीने विचारलं. त्याने खिडकी लावून घेतली. परत येताना नदीच्या पुलावर थांबून ते म्हणाले, "गुरुजी, एवढं सांगितलं होतं हो त्याला." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

हे माझे घरमालक. रेल्वेत पार्सल बाबू म्हणून जन्म काढून निवृत्त झालेले, म्हणून अख्खी दहिवली त्यांना बाबूकाका म्हणे.

काकांच्या मते बारा महिने एकच पेन वापरणारा माणूस आळशी असतो. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटतात, मिठाचं पाणी होतं, तिथे कागदाची काय कथा! सर्दावलेल्या कागदावर शाई पसरते. म्हणून मृग लागला की काका जाड निबची पेनं धुऊन, पुसून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवत आणि बारीक निबची पावसाळी पेनं बाहेर काढत. लिहायचे कागद चुलीवरच्या फळीवर, काकूंच्या पापडांच्या डब्यात जात. "माझे पापड नि यांचे कागद एका डब्यात," काकू सांगायच्या, "एकदा पावण्यांना तळायला मी कागदच काढलेला." काकांच्या पत्रांना धुराचा वास येई. त्यांचे नातेवाईक म्हणे पाकीट हातात घेतल्याबरोबर ओळखत, पत्ता बघावा लागत नसे.

शाई आवडीने घ्यायची नसते, वैद्याने दिल्यासारखी घ्यायची असते, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि वैद्य अर्थात तेच. धुवट निळी शाळेच्या पोरांना, कारण चुकलं तर धुता येते. काळी वाण्याला. लाल आम्हा मास्तरांना, पण बेताने. फार लाल वापरणाऱ्याचं पित्त खवळतं. रोजच्या वापराला, ज्याला आपलं लिहिलेलं मागे राहावंसं वाटतं त्याने निळी-काळी घ्यावी. "लिहिताना फिकी वाटते, माणसाला शंका येते," ते म्हणत, "दोन दिवसांनी बघा. काळी कुळकुळीत. मग पाण्यात बुडवा नाहीतर उन्हात टाका."

सल्ले नेहमी लागूच पडत असं नाही. कळंबचे ग्रामसेवक एकदा तक्रार घेऊन आले की साहेब आमचे अहवाल वाचतच नाहीत. काकांनी त्यांचा हात पाहिला, अक्षर पाहिलं आणि हिरवी शाई दिली. पुढचा अहवाल साहेबांनी तातडीने वाचला. हिरवी शाई कचेरीत फक्त साहेबांनीच वापरायची असते. ग्रामसेवकांना मेमो मिळाला. तो घेऊन ते रडकुंडीला येऊन ओटीवर बसले. काकांनी मेमो भिंगाखाली धरला, बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "शाई पाणचट आहे तुमच्या साहेबांची. त्यांना माझ्याकडे पाठवा."

बॉलपेन त्या काळी नुकतं दिसायला लागलं होतं. काका त्याला 'खिळा' म्हणत. खिळा खिशात घेऊन येणाऱ्याला ते ओटीवरच बसवत, आत घेत नसत. घरात कुणी यावं आणि कुणी बाहेर थांबावं, याबद्दल त्यांचा नियम एवढा एकच होता.

हा नियम मला किती मोलाचा होता ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नवा लागलेला गुरुजी. माझं गाव खालापूर तालुक्यातलं, लोधिवलीच्या जवळचं. आम्ही छप्पन्न साली बौद्ध झालो. घरातले देव उतरवले, पण आडनाव राहिलं, आणि आडनाव ऐकलं की कर्जतातली मोकळी खोली एकाएकी भरून जायची. कुणाचा पुतण्या राहायला येणार असायचा, कुणाचा मेहुणा. एवढ्याशा गावात इतके पुतणे कुठून येत होते कोण जाणे. मग मी माझं नाव आणि बाबांचं नाव सांगून तिथेच थांबायला शिकलो, पण दोनचार प्रश्न झाले की "आणि आडनाव?" यायचंच. नुकतंच लग्न झालेलं. बायको गावी आईबाबांजवळ. दर शनिवारी घरी गेलो की ती विचारायची, "मिळाली का वो खोली?" पुढेपुढे तिने विचारणं सोडून दिलं, ते मला जास्त लागलं.

बाबूकाकांकडे खोली आहे असं शाळेच्या शिपायाने सांगितलं, तसा गेलो. काका ओटीवर बसून पेनं पुसत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, खिशाकडे पाहिलं.

"पेन कुठलं?"

मी काढून दिलं. मॅट्रिक झालो तेव्हा बाबांनी घेऊन दिलेलं काळं पेन. बाबांना लिहितावाचता येत नव्हतं. पण पेन घेतल्यावर ते मला कल्याण स्टेशनाबाहेर नाव कोरणाऱ्या माणसाकडे घेऊन गेले होते. तो म्हणाला, नुसतं नाव टाकू का? बाबा म्हणाले, "पुरं टाक रं. बापाचं टाक, आडनाव टाक. अर्धं कशापायी?" कोरलेल्या अक्षरांत त्याने सोनेरी रंग भरून दिला होता. वापरून वापरून तो रंग केव्हाच गेला, खाचांत मळ भरला, काळ्यावर काळं झालं. तिथे काही लिहिलंय हे मीही विसरून गेलो होतो.

काकांनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली. मी लिहिलं, 'मी शाळेत शिक्षक आहे.' कागद त्यांनी उन्हात नेऊन तिरपा धरला. मग पेन घेतलं. भिंगाखाली निब पाहिली, निबखालची जीभ पाहिली, दांडी हळूहळू गोल फिरवून पाहिली.

"शाई गोळीची?"

तेव्हा पाण्यात विरघळवायच्या शाईच्या गोळ्या मिळत. स्वस्त पडत. मी हो म्हणालो.

"लाज नाही वाटत? एवढ्या चांगल्या पेनाला गोळी?"

मी मान खाली घातली आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागलो. तो आता येणार हे ठरलेलं होतं.

"रात्री पेन आडवं ठेवता की उभं?"

"उभं."

"निब वर?"

"वर."

"मग सामान कधी आणताय?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, नाव तरी विचारा."

"गुरुजी," काका ओरडून म्हणाले. "नाव गुरुजी."

मी त्या शनिवारी गावी गेलो ते जवळजवळ उड्या मारतच. या माणसाला पेनापुढे दुसरं काही दिसतच नाही, अशी माझी खात्री झाली होती, आणि कुठल्याही देवाला हात न जोडता मी मनात म्हणालो, असंच चालू राहू दे. बायको उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा नीट सुरू झाली की यायची ठरली. मी स्टोव्ह घेतला, चटई घेतली, कपबश्या घेतल्या.

पेन उसनं देताना टोपण आपल्याकडे ठेवायचं, हे तेव्हा पोस्टात, बँकेत सगळेच करायचे. बिनटोपणाचं पेन कुणी खिशात घालत नाही, म्हणून ते परत येतं. काकांनी या साध्या रिवाजाचं व्रत केलं होतं. टोपण मुठीत धरून ते उसनं घेणाऱ्याच्या कोपराला कोपर लावून उभे राहत. पेन परत आलं की निबला लागलेली दुसऱ्याची सवय मोडायला पानभर रेघोट्या ओढत. टोपणासकट पेन त्यांनी कधीच कुणाला दिलेलं नव्हतं. "लग्नाला इतकी वर्षं झाली," काकू म्हणायच्या, "मला नाय अजून टोपणासकट पेन मिळालं. मी काय पळून जाणार होते?"

बायको यायच्या आदल्या आठवड्यात, रविवारी संध्याकाळी, काकांच्या ओटीवर आळीतली माणसं आली. पुढे समोरचे वखारवाले. लोधिवलीकडचा कुणी गिऱ्हाईक लाकूड घ्यायला आला होता, तो माझ्याबद्दल बोलून गेला होता. माझी खोली ओटीला लागूनच. मधे फळ्यांची भिंत. एकेक शब्द ऐकू येत होता.

"बाबूकाका, आमाला भांडाण नाय करायचं," वखारवाले म्हणाले. "गुरुजी मानूस चांगला हाय, नाय कोन म्हनतो? पर आळीत बायामानसं हायेत, एक विहीर हाय. तुमी त्यांना खोली खाली करायला सांगा. ह्यो अर्ज. समद्यांच्या सह्या हायेत."

मी स्टोव्ह विझवला आणि चटईवर बसलो. बायकोला आता काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

ओटीवर कागद सळसळला. मग काकांचा आवाज आला. "ही शाई कुठली?"

"आसंल कायतरी. तुमी मजकूर वाचा."

"मजकूर नंतर. अगं, पाण्याचा तांब्या आण."

फळीच्या फटीतून मी पाहिलं. काकांनी तांब्यात बोटं बुडवली आणि सह्यांवर पाणी शिंपडलं. सगळ्या आळीच्या सह्या निळ्या होऊन कागदाच्या खालच्या कडेला वाहत आल्या.

"धुवट," काका म्हणाले. "पोरांची शाई. अहो, माणसाला राहत्या घरातून काढायचं म्हणजे कायमचं काम. त्याला कायमची शाई नको? उद्या पाऊस पडला की तुमचं म्हणणं गटारात. पुन्हा लिहा. मी देतो शाई."

आणि त्यांनी खरोखरच पेनांचं फडकं सोडलं. एकेकाचा हात हातात घेऊन ते निब ठरवू लागले. भजनी मंडळाचे सेक्रेटरी डावखुरे निघाले. त्यांच्यासाठी निब घासावी लागेल म्हणून काका सहाण शोधत आत गेले ते येईनातच. सेक्रेटरींना भजनाला उशीर होत होता, ते उठले. बाकीचे त्यांच्या मागोमाग पांगले. राहिले वखारवाले. त्यांना काकांनी सगळ्यात जाड निबचं पेन दिलं, टोपण अर्थातच मुठीत ठेवलं, आणि कोपराला कोपर लावून बसले.

वखारवाल्यांनी कोऱ्या कागदावर जोरात दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. "गुरुजींचं पुरं नाव काय?"

त्यांना माझी जात कळली होती, नाव कुणी सांगितलं नव्हतं.

"मी विचारलं नाही," काका म्हणाले.

"आडनाव?"

"नाही बुवा विचारलं."

"मंग भाडेकरू ठेवला कसा तुमी?"

"निब बघून."

वखारवाले ताडकन उठले. "तुमी आमाला येडं समजता काय? उद्या बगतो!" असं म्हणत ते तरातरा रस्ता ओलांडून गेले. रागाच्या भरात पेन त्यांच्या हातातच राहिलं.

काका माझ्या दाराशी आले. त्यांनी टोपण माझ्या तळहातावर ठेवलं. "हे तुमच्याकडे असू द्या," म्हणाले आणि जेवायला गेले. मी ते मुठीत धरूनच चटईवर आडवा झालो.

सकाळी मी शाळेला निघायच्या बेतात असताना वखारवाले आले. बिनटोपणाचं पेन त्यांनी बंडीच्या खिशात कोंबलं होतं. बंडी पोटापर्यंत काळीनिळी झाली होती. ते ओटीसमोर उभे राहून म्हणाले, "ह्ये घ्या तुमचं पेन. नि त्ये टोपण लावा पैलं, समदं गळतंय."

"टोपण गुरुजींकडे आहे," काका निबकडे बघत म्हणाले.

वखारवाले माझ्या उंबऱ्याशी आले. टोपण माझ्या हातातच होतं. मला ते नुसतं पुढे करता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "या ना, बसा. चहा टाकतो."

ते थांबले. समोरच्या दारांतून आळी बघत होती. मागून काकांचा आवाज आला, "असं लगेच टोपण लावायचं नसतं हो! निब कोरड्या फडक्याने पुसायची, वाळू द्यायची. नाहीतर कायमची बिघडते. बसा तोवर." हा नियम मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता, आणि नंतरही कधी ऐकला नाही.

वखारवाले चटईच्या अगदी कडेला बसले. दोन्ही हात शाईने भरलेले, एका हातात पेन, दुसऱ्यात फडकं. मी चहा केला. नवी कपबशी पुढे ठेवली. त्यांनी कपाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं. मग कप उचलला आणि इतका वेळ फुंकर मारत राहिले की चहा थंड झाला असेल. शेवटी एका दमात प्यायले.

"साखर लई हाय," ते म्हणाले. मी टोपण दिलं. त्यांनी ते लावून पेन काकांना परत केलं आणि गेले.

एका टोपणाने आळी सुधारली असं काही मी म्हणणार नाही. वखारवाले माझ्याकडे पुन्हा चहाला आले नाहीत. विहिरीवर बायकोला कित्येक महिने सगळ्यांचं झाल्यावरच पाणी मिळे, आणि ती ते मला सांगत नसे, काकूंकडून कळे. पण तो अर्ज परत कुणी लिहिला नाही. पुढे वखारवाल्यांनी तसलंच जाड निबचं पेन काकांकडून मागवून घेतलं आणि वखारीतल्या ओंडक्यांवर बसून ऐटीत लिहू लागले. माझी दोन्ही मुलं त्याच खोलीत रांगली.

मग माझी बदली माझ्याच तालुक्यात झाली. सामान बांधत होतो तेव्हा काकांनी माझं पेन मागितलं. "एक दिवस ठेवून जा. धुऊन देतो." मला हसू आलं, मी पेन दिलं आणि टोपण त्यांच्यासारखंच मुठीत ठेवलं. त्यांनी हात पुढे केला. "टोपण पण."

दुसऱ्या दिवशी टेंपोत सामान चढलं तेव्हा ते रस्त्यावर आले आणि पेन माझ्या हातात दिलं. टोपण लावलेलं. पेन माझंच होतं म्हणा, पण काकू मागे उभ्या होत्या, त्यांनी ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

दांडी चकाकत होती. कोरलेल्या अक्षरांतला मळ सुईने काढून काकांनी त्यांत नवा सोनेरी रंग भरला होता. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. हातभर लांबून वाचता येत होतं.

मी काकांकडे पाहिलं. "तुम्ही हे कधी वाचलंत?"

"पहिल्याच दिवशी. भिंगातून. कोरणाऱ्याचा हात चांगला होता हो."

"मग त्या दिवशी ओटीवर... विचारलं नाही म्हणालात."

"खरंच कुठे विचारलं?" काका म्हणाले. "लिहिलेलं परत काय विचारायचं?" आणि लगेच टेंपोवाल्याच्या खिशातला खिळा त्यांना दिसला, तसे ते त्याच्याकडे वळले.

इतकी वर्षं मी या माणसाला पेनवेडा समजत होतो. पेनवेडे तर ते होतेच.

गावी पोचलो तेव्हा बाबा अंगणात बसले होते. मी पेन त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी उन्हात धरून पाहिलं, मग अक्षरांवरून हळूहळू अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पुरं हाय ना रं?" त्यांनी विचारलं.

"पुरं हाय, बाबा."